विचारलं नाही म्हणून

अमेरिकेतल्या वसाहतींनी इंग्रजांविरुद्ध बंड का केलं, हा प्रश्न मला जन्मात कधी पडला नव्हता. मी गणिताची शिक्षिका. आमच्या विषयात कुणी बंड करत नाही, फार तर उत्तर चुकतं. पण नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून बहारीनला आले, इथल्या एका भारतीय शाळेत लागले आणि घारपुरे सरांच्या गाडीतून शाळेत जाऊ लागले. तेव्हापासून त्या बंडाची मला इतकी माहिती झाली आहे, की उद्या अमेरिकेला गेले तर तिथल्या लोकांनाच चार गोष्टी सुनावून येईन.

सर आमच्याच इमारतीत, सनाबिसला, आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. इतिहासाचे शिक्षक. बुटकी मूर्ती, पांढरा हाफशर्ट, खिशाला लाल आणि निळं अशी दोन पेनं, आणि अंगात बिनबाह्यांचा करडा स्वेटर. होय, स्वेटर. बाहेर डांबर वितळेल असं ऊन असताना हा माणूस स्वेटर घालून गाडी चालवत असे, कारण गाडीतला एसी ते कायम शेवटच्या टोकाला नेऊन ठेवत. एसी फुल ठेवला की इंजिन निरोगी राहतं, असा त्यांचा एक सिद्धान्त होता. तो त्यांना कुणी सांगितला हे कधी कळलं नाही. पुढच्या सीटवर त्यांची बायको, शोभाकाकू, ओढणी कानाला गुंडाळून बसायच्या आणि मागे मी दप्तर छातीशी धरून कुडकुडायची. गार होतंय का, असं सरांनी आम्हा दोघींना कधीही विचारलं नाही.

काकू मनामाला एका दवाखान्यात रिसेप्शनवर होत्या. त्यांना आधी तिथे सोडायचं, मग आम्ही शाळेत, असा रोजचा क्रम. काकू मूळच्या वेंगुर्ल्याच्या, पण अरबी अशी बोलत की दवाखान्यात येणाऱ्या बहारीनी बायका डॉक्टरांना सोडून यांनाच दुखणी सांगत. सरांची मजल चार शब्दांपर्यंत. त्या चार शब्दांत त्यांचा सगळा संसार भागत असे. गाडी सुरू करताना यल्ला, पेपर तपासून झाले की खलास, निकाल कसा लागेल असं पालकांनी विचारलं की इंशाल्ला, आणि सरांनी रजा मागितली की मुख्याध्यापक म्हणत ते मफी, म्हणजे नाही.

‘अहो, आज डावीकडून घ्या. पुलावर गाड्या तुंबल्यात,’ काकू म्हणत.

‘कारणं तीन प्रकारची असतात, माधवीबाई,’ सर आरशातून माझ्याकडे बघत म्हणत. ‘दूरची, जवळची आणि ठिणगी.’ आणि गाडी सरळ पुलावर नेत. मग पुलावर अर्धा तास उभ्या उभ्या आम्हाला तिन्ही प्रकारची कारणं ऐकायला मिळत.

सरांचा त्या बंडाच्या धड्यावर भारी जीव. नववीला तो आला की सगळ्या शाळेला कळायचं, कारण त्या दिवशी शेजारच्या वर्गातून दंगल उसळल्यासारखा आवाज येई आणि माझी समीकरणं अर्धवट राहत. सरांची शिकवायची पद्धतच तशी होती. वर्गात शिरायचं आणि जाहीर करायचं, की आजपासून सगळ्यांचे डबे मी सांभाळणार. मग एकेकाचा डबा गोळा करायचा, उघडायचा, याचा त्याला आणि त्याचा याला द्यायचा. वर प्रत्येकाला स्वतःच्या खिशातून बिस्किटांचा पुडा. म्हणजे आणलं होतं त्यापेक्षा प्रत्येकाला जास्तच मिळे. तरी वर्ग पेटायचा.

‘व्हाय आर यू शाउटिंग? यू गॉट मोअर, नो?’ सर भाबडा चेहरा करून विचारत.

कुणीतरी एक मुलगी तावातावाने उभी राही. ‘बट सर, यू डिडन्ट आस्क!’

झालं. सर याच वाक्याची वाट बघत असत. ते टेबलावर असा पंजा मारत की डब्यांची झाकणं नाचत, आणि ओरडत, ‘राइट इट डाउन!’

हा त्यांचा धडा. मग पुढचं सगळं त्या एका वाक्यावरून उलगडायचं. चहा महाग झाला म्हणून बॉस्टनच्या लोकांनी तो समुद्रात बुडवला असं पेपरात लिहिलं, तर सर शून्य देत. चहा स्वस्त झाला होता, हे ते प्रत्येकाला कानीकपाळी ओरडून सांगत. आधी कर बसवले, लोक चिडले, मग बाकीचे उठवले आणि चहावरचा तेवढा ठेवला. कशाला? तर आमचा हक्क आहे हे दाखवायला. त्यावर चहा स्वस्त करून दिला, म्हणजे मुकाट्याने पितील. दूर लंडनमध्ये बसून ठरवणाऱ्यांच्या सभेत या लोकांचा एकही माणूस नव्हता. ‘अहो, दुःख पैशाचं नसतं, माधवीबाई,’ सर गाडीत हळवे होऊन सांगत. ‘माणूस महागाई सोसतो. पण माझ्याबद्दल ठरवताना मला विचारलंसुद्धा नाही, हे तो सोसत नाही. शेवटचा अर्ज केला बिचाऱ्यांनी राजाकडे. राजाने तो हातातसुद्धा घेतला नाही!’ राजाने अर्ज हातात घेतला नाही हे सांगताना सरांचा आवाज दर वर्षी कापरा व्हायचा.

एका वर्षी डब्यांच्या अदलाबदलीत एका जैन मुलीच्या पुढ्यात केरळी मासळीची आमटी आली. दुसऱ्या दिवशी तिचे आईवडील, आजीआजोबा असे सगळे मुख्याध्यापकांच्या खोलीत. सरांना बोलावणं गेलं. ‘बंडाला ठिणगी लागते, सर,’ असं त्यांनी मुख्याध्यापकांना समजावून सांगितलं म्हणे. मुख्याध्यापकांनी डबे बंद केले आणि पुढच्या वर्षी पेन्सिली वापरा असं फर्मावलं. सरांनी वापरल्या. कुणी हूं की चूं केलं नाही. ज्याला चांगली पेन्सिल मिळाली त्याने ती घातली खिशात आणि धडा संपला. सर दोन दिवस उदास होते. ‘पेन्सिलीवरून साम्राज्यं पडत नाहीत,’ ते म्हणाले. त्याच्या पुढच्या वर्षी डबे परत आले, फक्त जैन मुलांना सूट देऊन.

या धड्याची रंगीत तालीम घरी होत असे. काकू भेंडी चिरत आणि सर ओट्यासमोर फेऱ्या मारत वसाहतींची बाजू मांडत. लग्न झाल्यापासून दर वर्षी. काकूंना तो धडा सरांपेक्षा चोख पाठ होता, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सरांच्या तर नाहीच.

आता संक्रांतीची गोष्ट सांगते. आमच्या इथल्या मराठी मंडळात एक रीत होती. कार्यक्रमाला चहा बाहेरून यायचा नाही, घरच्या बायका आळीपाळीने करायच्या. त्यात काकूंचं टेबल प्रसिद्ध. बाल्कनीत कुंड्यांमधून त्यांनी गवती चहा वाढवला होता आणि या वाळवंटात ती पात टिकवायला त्या तिला दुपारी सावलीत, संध्याकाळी उन्हात, अशी हलवत बसत. त्या चहासाठी लोक भाषणं सोडून उठत. त्या वर्षी मंडळाला नवे अध्यक्ष मिळाले, बँकेतले मोठे अधिकारी. त्यांनी कमिटीत ठरवून टाकलं, की यापुढे चहा सलमाबादच्या एका केटररकडून येईल, सगळ्यांना फुकट, आणि घरचा चहा बंद.

सरांना ही बातमी गाडीत कळली आणि त्यांनी चक्क ब्रेक मारला. ‘फुकट?’ त्यांचे डोळे चमकले. ‘म्हणजे स्वस्तच केला की चहा! आणि सभासदांना विचारलं?’

‘नाही,’ मी म्हणाले. मला काय माहीत, मी कुठल्या आगीत तेल ओततेय ते.

तिळगुळाच्या कार्यक्रमाला सर पांढरा झब्बा घालून आले. स्टीलच्या भल्यामोठ्या भांड्यातून चहा आला. सरांनी त्याच्यासमोर उभं राहून छोटंसं भाषण केलं, त्यात अमेरिका होती, लंडन होतं, सलमाबाद होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि चहाच्या रांगेत उभे राहिले. तेव्हा सर चवताळले. ‘हा चहा समुद्रात गेला पाहिजे!’ असं म्हणून त्यांनी माझ्या नवऱ्याला, समीरला, भांडं उचलायला लावलं. समीर भिडस्त. त्याला कुणालाच नाही म्हणता येत नाही, मला सोडून. आम्ही चौघं त्या गाडीतून निघालो. मांडीवर गरम चहाचं भांडं धरून समीर, त्याच्या नव्या झब्ब्यावर प्रत्येक वळणाला एक नवा डाग, एसी फुल, आणि पुढे काकू हातात तिळगुळाचा डबा घेऊन शांत बसलेल्या.

किनाऱ्यावर पोचलो तर समुद्रच नव्हता. ओहोटी लागलेली. आपल्याकडची ओहोटी निराळी, इथला समुद्र मुळातच उथळ, तो ओहोटीला जो जातो तो दिसेनासाच होतो. समोर नुसता चिखल आणि त्यात फिरणारे बगळे. सर झब्बा सावरत दहा पावलं आत गेले आणि एक चप्पल चिखलात ठेवून परत आले.

पालथ्या होडीवर एक म्हातारा बहारीनी कोळी मासे धरायचा तारेचा पिंजरा दुरुस्त करत बसला होता. त्याने भांड्याकडे पाहिलं, वाफेकडे पाहिलं, आणि विचारलं, ‘चाय?’

काकू पुढे झाल्या. त्याला अरबीत काहीतरी सांगितलं. म्हातारा इतका हसला की त्याच्या हातातला पिंजरा पडला. मग त्यानेही काहीतरी सांगितलं आणि काकूही हसल्या.

‘काय म्हणतोय?’ सरांनी संशयाने विचारलं.

‘मी सांगितलं, हा चहा यांना फेकायचाय, कारण यांना कुणी विचारलं नाही. तो म्हणतो, मलासुद्धा नाही विचारलं, पण मी पिईन.’

म्हाताऱ्याने होडीखालून पेले काढले. मग सगळ्यांनीच घेतला. दूध आटवलेला, वेलदोडा घातलेला, कडक चहा. इतका चांगला होता की सरांनी दुसऱ्यांदा पेला पुढे केला. काकूंनी म्हाताऱ्याला तिळगूळ दिला आणि गोड बोला हे अरबीत कसं सांगितलं कोण जाणे, पण तो छातीला हात लावून हसला.

परत येताना काकू म्हणाल्या, ‘अहो, एक विचारू? माझं टेबल वाचवायला निघालात, पण मला विचारलंत? मी तर किती खूश झाले होते. दर सणाला नवी साडी नेसायची आणि शेगडीपाशी घामाघूम उभं राहायचं. या वर्षी पहिल्यांदा खुर्चीत बसून गाणं ऐकणार होते.’

सरांनी जरा वेळ विचार केला. आम्हाला वाटलं, आता काहीतरी उमजलं. मग ते एकदम उजळले आणि म्हणाले, ‘माधवीबाई, बॉस्टनलासुद्धा त्या दिवशी ओहोटीच होती!’

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं म्हणून मी हा विषय सोडून दिला असता. पण सरांच्या निवृत्तीचं वर्ष उजाडलं.

इथे माणूस निवृत्त झाला की नोकरीबरोबर व्हिसा संपतो आणि व्हिसाबरोबर घर. बायको नवऱ्याच्या व्हिसावर असेल, तर तिचंही संपतं. त्यामुळे परत कुठे जायचं हा इथल्या प्रत्येक घरातला प्रश्न. काकू तो वर्षभर काढत होत्या. मी मागच्या सीटवरून किती वेळा ऐकलं असेल. ‘अहो, जायचं कुठे, कसं, एकदा बसून बोलूया ना.’ ‘हो हो, पेपर संपू देत,’ सर म्हणत. शिक्षकाचे पेपर कधी संपतात का? युनिट टेस्ट झाली की सहामाही, सहामाही झाली की प्रिलिम. काकूंचा अर्ज तसाच पडून राहिला.

मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात सरांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ झालं आणि सर म्हणाले, आता माझ्याकडून शोभाला एक सरप्राईज. पडद्यावर एका इमारतीचं चित्र आलं. पुण्याला फ्लॅट घेतला होता! सहावा मजला, लिफ्ट, खाली बाग, बागेत ज्येष्ठांसाठी बाकं. हॉलचा फोटो, किचनचा फोटो. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बायका काकूंकडे हेव्याने बघायला लागल्या. मी काकूंच्या शेजारी बसले होते. त्यांनी माझा हात धरला तो एवढा घट्ट, की माझ्या बांगडीचा वळ उठला.

कुणीतरी त्यांच्या हातात माईक दिला. ‘बाल्कनी लहान आहे,’ काकू म्हणाल्या, आणि माईक परत केला.

दुसऱ्या दिवसापासून गाडीत बहिष्कार सुरू झाला. काकू थर्मास आणायच्या, पुलावर गाडी थांबली की झाकणात चहा ओतायच्या, एक घोट स्वतः घ्यायच्या, मला द्यायच्या आणि थर्मास बंद करायच्या. सर आशेने बघत राहायचे. तिसऱ्या का चौथ्या दिवशी काकूंनी हात पुढे करून एसी कमी केला. सरांनी एसीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि पुढच्या सिग्नलला मुकाट्याने स्वेटर काढला. स्वेटराशिवाय ते फारच लहान दिसत होते.

स्टाफरूममध्ये त्यांनी मला गाठलं. ‘माधवीबाई, शोभा बोलत नाही हो. चहा मीच करतो. उतू जातो.’

‘कारण काय असावं?’ मी विचारलं.

‘तेच शोधतोय. दूरचं कारण म्हणजे तिचा स्वभाव. जवळचं कारण, बाल्कनी. ठिणगी मात्र सापडत नाही.’ ते खरोखरच बुचकळ्यात पडले होते. ‘मी तिला म्हटलं, किचन तुझ्या मनासारखं करून घे. पडदे तू निवड, रंग तू निवड. सगळं तुझं. फक्त घर तेच आणि जायचं जूनमध्येच, ते ठरलंय. आणखी काय करायचं माणसाने?’

‘सर, बाकीचे कर उठवलेत, पण चहावरचा ठेवलात,’ मी म्हणाले.

‘घरात मला धड चहा मिळत नाहीये, तर कर कुठला?’ असं म्हणून सर तासाला निघून गेले. दिव्याखाली अंधार असतो हे ठाऊक होतं, पण इतका?

मग एका शुक्रवारी काकूंनी आम्हा दोघांना चहाला बोलावलं. टेबलावर चार कप होते. चौथा कप बघून सर इतके हरखले की त्यांनी समीरच्या पाठीवर थाप मारली. ‘तह झालेला दिसतोय!’ गवती चहाचा वास घरभर सुटला होता. काकूंनी चारही कप भरले, पदर सारखा केला आणि पर्समधून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्यांचं नवं सीपीआर, म्हणजे इथलं ओळखपत्र.

‘दवाखान्याने माझा स्वतःचा व्हिसा केलाय,’ त्या म्हणाल्या. ‘जूनमध्ये तुमचा संपेल. माझा नाही.’

सरांनी कार्ड उचललं, चष्मा वर करून वाचलं, उलटं करून वाचलं. ‘म्हणजे तू येणार नाहीस?’

‘येणार नाही असं कुठे म्हटलं? येईन की नाही, ते मी ठरवीन.’

‘आणि मी... तिथे एकटा?’

या माणसाला साधा चहा करता येत नव्हता. सहाव्या मजल्यावरच्या त्या नव्या घरात हा एकटा काय करणार, कुणाला धडा ऐकवणार, असं माझ्या मनात आलं आणि मला त्यांची भयंकर दया आली.

‘पण शोभा, फ्लॅटमध्ये वाईट काय आहे?’

‘काही नाही. चांगला आहे. तुम्हीच म्हणता, स्वस्तातही पडला.’

‘मग चुकलं कुठे?’

‘तुम्ही मला विचारलं नाहीत.’

सरांचा उजवा पंजा सवयीने वर गेला, टेबलावर आपटण्यासाठी, आणि हवेतच थांबला. तेव्हा काकूंनी आपला पंजा टेबलावर मारला. चारही कप नाचले.

‘राइट इट डाउन!’ काकू ओरडल्या. अगदी सरांच्या चालीत, सरांच्या आवाजात.

समीरला हसू आवरेना, त्याचा चहा नाकात गेला. मीही हसले. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी हात हळूच खाली घेतला आणि बशीत सांडलेला चहा रुमालाने पुसला. ‘अर्ज केला होतास तू,’ ते म्हणाले. ‘गाडीत. बऱ्याचदा.’

‘हो.’

‘मी हातात घेतला नाही.’ आणि या वाक्याला त्यांचा आवाज कापला, दर वर्षी कापायचा तसाच. पण या खेपेला ते राजाबद्दल बोलत नव्हते.

त्यानंतर सरांनी प्रश्न विचारायचा जो सपाटा लावला, त्याने आमच्या नाकी नऊ आले. पूर्वी बरं होतं असं वाटायला लागलं. गाडीत बसलं की, एसी किती ठेवू? डावीकडून घेऊ का पुलावरून? रेडिओ लावू? लावू म्हणालात तर मोठा का बारीक? काकू म्हणत, ‘अहो, सिग्नल हिरवा झालाय, आता निघू का ते विचारू नका.’ शाळेतल्या त्यांच्या शेवटच्या धड्याला मी मुद्दाम दाराशी जाऊन उभी राहिले. सर वर्गात शिरले, टेबलापाशी गेले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, ‘मे आय प्लीज टेक युवर टिफिन्स?’ सगळ्या वर्गाने हौसेने डबे आणून दिले. कुणी ओरडलं नाही. बंड झालंच नाही. सर सगळ्या डब्यांच्या ढिगामागे उभे, आणि पुढे काय शिकवायचं हे त्यांना सुचेना. शेवटी सगळ्यांनी मिळून ते डबे खाल्ले.

जूनमध्ये आम्ही त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. काकूंनी बॅगा भरल्या होत्या. गवती चहाचं एक रोप मुळांसकट ओल्या कापडात गुंडाळून एका बॅगेत घातलं होतं, कस्टमवाल्यांनी अडवलं तर काय सांगायचं तेही पढवलं होतं. सरांनी करडा स्वेटर घातला होता. आत जायची वेळ झाली तेव्हा सर म्हणाले, ‘येतो.’ मग ट्रॉली चार पावलं ढकलून परत आले आणि म्हणाले, ‘येऊ ना?’

‘या,’ काकू म्हणाल्या. ‘पोचल्यावर फोन करा.’

आम्ही बाहेरून बघत उभे राहिलो. पासपोर्टची रांग लांब होती. सलमाबादकडची कामगार मंडळी सुट्टीवर निघालेली, ब्लँकेटांची गाठोडी घेऊन. सर रांगेत उभे राहिले, मागे वळले आणि मागच्या माणसाला काहीतरी विचारलं. तो माणूस जरा गोंधळला आणि पुढे गेला. सरांनी त्याच्या मागच्याला विचारलं. तोही पुढे गेला. मग एक बाई लहान मूल घेऊन पुढे गेली, मग तिचा नवरा, मग आणखी दोघं. बंड वगैरे कुणी केलं नाही. सगळे सरांना मान तुकवून पुढे जात होते आणि सर प्रत्येकाला हात जोडून वाट देत होते. रांग सरकत होती. सर होते तिथेच, सगळ्यांच्या शेवटी.

‘आता विमान चुकवणार हे,’ काकू म्हणाल्या. त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

परत येताना गाडी काकूंनी चालवली. एसी बेताचा होता. पूल आल्यावर त्यांनी डावीकडून घेतली आणि आम्ही बघता बघता सनाबिसला पोचलो. इमारतीखाली गाडी लावून त्यांनी किल्ली काढली, पण उतरल्या नाहीत.

‘दिवाळीपर्यंत इथलं आवरते आणि जाते मी,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांना चहा येत नाही गं करायला.’

मला इतका आनंद झाला की मी लगेच पर्समधून फोन काढला. ‘सरांना कळवू?’

काकूंनी माझा हात धरला.

‘नको,’ त्या म्हणाल्या. ‘विचारू देत.’